घणघण आणि खळखळ

संध्याकाळचे पाच वाजायला दोन मिनिटं असतात. शाळेच्या व्हरांड्यात रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा तारेनं टांगलेला असतो आणि शिपाईमामा लोखंडी दांडकं हातात घेऊन घड्याळाकडे बघत उभे असतात. वर्गात फळ्याकडे कुणाचंच लक्ष नसतं, सगळ्यांचे कान व्हरांड्याकडे. तास संपल्याची घंटा एकदोन ठोक्यांची असते, पण शाळा सुटल्याची घंटा थांबतच नाही. टण टण टण टण असे ठोके एकमेकांच्या अंगावर पडत राहतात. त्यातला शेवटचा विरायच्या आत जिन्यावरून मुलांच्या हसण्याचा लोंढा खाली येतो.

मराठीत हे दोन आवाज दोन वेगळ्या क्रियापदांनी सांगतात. घंटा घणघणली, मुलं खिदळली. इंग्रजीत मात्र दोन्हींना पुरेल असा एकच शब्द आहे, 'पील'. घंटांचा पील असतो, हसण्याचा पील असतो आणि ढगांचाही असतो. इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणाऱ्याला घंटांच्या पीलपाशी थांबावं लागत नाही, घंटानाद म्हटलं की काम होतं. ढगांना गडगडाट आहे. हसण्याच्या पीलपाशी मात्र लेखणी अडते. 'हास्याचा घंटानाद' असं कुणी मराठी माणूस म्हणणार नाही. इंग्रज कानाला घंटा आणि हसणं एका जातीचं का वाटलं, हे कळल्याशिवाय त्या शब्दाला मराठीत जागा सापडत नाही.

या शब्दाची थोरली बहीण आपल्या ओळखीची आहे. बांधाच्या वादात खालच्या कोर्टात हरलेला शेतकरी वरच्या कोर्टात अपील करतो. क्रिकेटमध्ये चेंडू पॅडवर आदळला की क्षेत्ररक्षक अंपायरकडे वळून अपील करतात. हे 'अपील' जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलं आणि तिथे त्याचा अर्थ होता हाक, बोलावणं. इंग्रजांच्या तोंडी त्याचं पहिलं अक्षर झिजलं आणि उरला 'पील', असं व्युत्पत्तीचे अभ्यासक मानतात. मध्ययुगात गावाला प्रार्थनेसाठी बोलावणारी चर्चची घंटा म्हणजे पील. त्यात महत्त्व बोलावण्याला होतं, आवाजाला नव्हतं. पुढे बोलावण्याचा अर्थ मागे पडला आणि आवाज उरला. तो आवाज मग मेघांना लावला गेला, तोफांना लावला गेला आणि हसण्यालाही.

वस्तूवरून आवाज, आवाजावरून काळ असे अर्थ सरकतच असतात. मराठीतला 'तास' हा मुळात ठोके देण्यासाठी टांगलेल्या धातूच्या थाळीचा शब्द, त्या थाळीवर पडणारा ठोका म्हणजे तास आणि दोन ठोक्यांमधला वेळ म्हणजेही तास. हिंदीनं तेच काम 'घंटा' या शब्दाकडून करून घेतलं. इंग्रजीतल्या 'क्लॉक'चंही मूळ घंटेचा अर्थ असलेल्या मध्ययुगीन लॅटिन शब्दात आहे. घड्याळ बघण्याच्या कितीतरी आधी माणसं घड्याळ ऐकत होती, याच्या खुणा तिन्ही भाषांत अशा शिल्लक आहेत.

पण पील म्हणजे नुसती वाजणारी घंटा, एवढ्यावर थांबलं तर हसण्याचं कोडं सुटत नाही. त्यासाठी इंग्लंडमधल्या एखाद्या चर्चच्या मनोऱ्यात, दोर ओढायच्या खोलीत जावं लागतं.

आपल्याकडे देवळातली घंटा स्थिर असते आणि भाविक तिचा लोळा हलवून ठोका देतो. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापर्यंत वेगळीच तऱ्हा रूढ झाली. घंटा एका मोठ्या लाकडी चाकाला जोडायची, चाकावरून दोर खाली सोडायचा आणि सुरुवातीला घंटा उलटी, तोंड आभाळाकडे करून उभी करायची. दोर ओढला की ती तोल सोडते, खाली येते, पूर्ण वर्तुळ फिरून पलीकडच्या बाजूला पुन्हा तोंड वर करून उभी राहते. एका फेरीत लोळा एकदाच आदळतो. दुसऱ्यांदा दोर ओढला की ती आल्या वाटेनं परत फिरते आणि पुन्हा एकच ठोका. दोराला हाताच्या उंचीवर लोकरीची जाड, रंगीत पकड विणलेली असते. खोलीत माणसं गोल करून उभी असतात, प्रत्येकाच्या हातात एक दोर आणि नजर दुसऱ्यांच्या दोरांवर. घंटा वरच्या मजल्यावर असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. पट्टेरी लोकर वर जाते, खाली येते, तेवढंच दिसतं. सुरुवातीला सर्वांत लहान घंटेचा माणूस इतरांना सावध करतो आणि 'ती निघाली' अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. इंग्रजीत निर्जीव वस्तूला लिंग नसतं, पण या लोकांच्या बोलण्यात घंटा ही 'ती' असते.

टनभर वजनाची घंटा एकदा फिरायला लागली की तिला घाई करता येत नाही. वर तोल साधून क्षणभर रोखता येतं किंवा थोडं लवकर वळवता येतं, बस. त्यामुळे या घंटांवर गाण्याची चाल वाजवणं शक्य नसतं. चालीत एखादा सूर लगेच पुन्हा लागतो, इथे घंटा तिची फेरी पुरी झाल्याशिवाय परत वाजत नाही. मग करता काय येतं? क्रम बदलता येतो, तोही एका वेळी एकाच घराने. सहा घंटा आधी १२३४५६ अशा वाजतात, सर्वांत बारीक आवाजाच्या घंटेपासून सर्वांत खर्जातल्या घंटेपर्यंत. पुढच्या ओळीत शेजारशेजारच्या जोड्या जागा बदलतात: २१४३६५. त्यापुढे २४१६३५. असं विणकाम चालू राहतं. प्रत्येक ओळीत प्रत्येक घंटा एकदाच, आणि एकदा वाजलेली ओळ पुन्हा वाजायची नाही. समोर कागद ठेवायचा नाही, सगळं डोक्यात.

तीन घंटांचे क्रम सहा होतात, चारांचे २४, पाचांचे १२०, सहांचे ७२०. सात घंटांचे होतात ५,०४०. हे ५,०४० क्रम एकही न चुकवता, मध्ये न थांबता आणि माणसं न बदलता वाजवले की या लोकांच्या भाषेत तो झाला 'पील'. आठ किंवा जास्त घंटा असतील तर किमान ५,००० क्रम लागतात. साधारण तीन तास दोर सोडायचा नाही. पहिला खरा पील वाजल्याची नोंद आहे ती नॉरिच शहरातल्या सेंट पीटर मॅन्क्रॉफ्ट चर्चची, २ मे १७१५ या दिवशीची. तीन तास अठरा मिनिटं लागली. अशा नोंदींचे लाकडी फलक इंग्लंडमधल्या अनेक मनोऱ्यांत भिंतीवर लावलेले दिसतात. तारीख, लागलेला वेळ आणि कोणत्या घंटेवर कोण होतं, इतकं साधं लिहिलेलं असतं. सुतार, विणकर, शेतमजूर अशा माणसांची नावं त्या भिंतींवर टिकून राहिली.

आठ घंटांचे सगळे क्रम ४०,३२०. तेही वाजवले गेले. २७ आणि २८ जुलै १९६३ ला लफबरो गावातल्या टेलर यांच्या घंटा ओतण्याच्या कारखान्याच्या मनोऱ्यात आठ जणांनी ते केलं. सतरा तास अठ्ठावन्न मिनिटं. कुणीही जागा सोडली नाही, कुणाला बदली माणूस मिळाला नाही. बारा घंटांचे सगळे क्रम ४७ कोटी ९० लाख १ हजार ६०० होतात आणि ते वाजवायचे म्हटले तर तीस वर्षांहून जास्त काळ अखंड दोर ओढावा लागेल, म्हणून त्या वाटेला कुणी गेलेलं नाही.

हा ५,०४० चा आकडा वाचताना मराठी वाचकानं देवगिरीची आठवण ठेवायला हवी. नॉरिचच्या त्या पीलच्या सुमारे पाचशे वर्षं आधी देवगिरीच्या यादवांच्या, सिंघण राजाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचे पंडित होते. त्यांच्या 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात सात स्वरांचे सगळे उलटसुलट क्रम कसे मांडायचे याची पद्धत सांगितली आहे. त्या मांडणीला प्रस्तार म्हणतात आणि सात स्वरांच्या अशा ताना होतात ५,०४०. एखादी तान कितव्या क्रमांकाची किंवा अमुक क्रमांकावर कोणती तान येते, हे सगळी यादी न लिहिता काढण्यासाठी खंडमेरू नावाचा तक्ताही त्यांनी दिला. त्याच विचाराच्या ओघातलं मेरुखंडाचं अंग पुढे मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याच्या गायकीत नांदलं. नॉरिचच्या दोर ओढणाऱ्यांना देवगिरीची गंधवार्ताही नसणार, पण सात ध्वनी घेऊन ते सर्व तऱ्हांनी फिरवून बघायचे, ही ओढ दोन्हीकडे सारखीच होती. फरक इतकाच की गवय्यानं त्यातून मोजके निवडले आणि इंग्रजांनी सगळेच्या सगळे वाजवले.

आता हसण्याकडे येऊ.

रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकानं माणसांची हसणी ध्वनिमुद्रित करून ती मोजली. हा-हा-हा मधला एकेक 'हा' जेमतेम ७५ मिलिसेकंदांचा असतो आणि एका 'हा'च्या सुरुवातीपासून पुढच्या 'हा'च्या सुरुवातीपर्यंत साधारण २१० मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच ठोके. शिवाय हसणं पुढे जातं तसं त्याचा जोर उतरत जातो, कारण छातीतली हवा संपत येते.

लफबरोच्या त्या १९६३ च्या पीलचा हिशेब कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. सतरा तास अठ्ठावन्न मिनिटं म्हणजे ६४,६८० सेकंद. त्यांना ४०,३२० ओळींनी भागलं की एका ओळीला सुमारे १.६ सेकंद मिळतात आणि एका ओळीत घंटा आठ. म्हणजे दर घंटेला सेकंदाचा पाचवा भाग, २०० मिलिसेकंद. माणसाच्या हसण्याचा ठोका २१० मिलिसेकंदांचा, या घंटांचा २०० चा! जड घंटांच्या मनोऱ्यात हा वेग थोडा मंदावतो, पाव सेकंदावर किंवा त्याच्याही पुढे जातो, पण पट्टा तोच राहतो. त्यात पहिली ओळ बारीक सुरापासून खर्जापर्यंत उतरत येते आणि हसणंही चढलेल्या जोरापासून खाली उतरत जातं. तिथल्या खेड्यांत रविवारी सकाळी मनोऱ्यातून सुरांची ही उतरंड ऐकत लहानाची मोठी झालेली माणसं कुणाला मनमोकळं हसताना ऐकून 'पील' म्हणाली असतील, तर त्यात कविकल्पनेचा वाटा थोडा आणि कानाच्या अचूकपणाचा वाटा मोठा आहे.

आनंदामुळे हा शब्द हसण्याला मिळाला, असं सांगणं सोपं आहे, पण ते पटत नाही. त्याच घंटा अंत्यविधीलाही वाजतात. त्या वेळी लोळ्याच्या एका बाजूला चामड्याची गादी बांधतात, मग एक ठोका स्वच्छ पडतो आणि दुसरा लांबून आल्यासारखा दबका. चांगल्या जुळवलेल्या इंग्रजी घंटेच्या मुख्य सुराबरोबर एक उपस्वर घुमत असतो आणि आपल्या भाषेत सांगायचं तर तो कोमल गंधार असतो. त्यामुळे लग्नाच्या घंटांतही एक हुरहूर मिसळलेली असते. दुसऱ्या महायुद्धात तर जून १९४० पासून या घंटा बंदच ठेवल्या होत्या. शत्रू किनाऱ्यावर उतरला तरच त्या वाजवायच्या, असा हुकूम होता. इतक्या शतकांनी 'पील'चा जुना, हाक मारण्याचा अर्थ परत आला होता. सुदैवानं ती हाक द्यावी लागली नाही. एल अलामीनच्या विजयानंतर १५ नोव्हेंबर १९४२ ला त्या देशभर वाजल्या आणि पुढच्या वर्षी बंदी उठली. हसण्यानं या घंटांकडून घेतलं ते त्यांचं सुखदुःख नव्हे. ठोक्यामागून ठोका पडत खाली येण्याची रीत घेतली.

मराठी कानानं हसणं ऐकलं ते मनोऱ्याखाली उभं राहून नव्हे, ओढ्याच्या काठी आणि चुलीपुढे बसून.

खळखळून हसणं हे वाहत्या पाण्याचं आहे. उथळ ओढा गोट्यांवरून जाताना जे करतो ते खळखळणं. खदखदून हसणं चुलीवरचं आहे. पातेल्यात भाताला उकळी फुटली की तो खदखदतो, झाकण थरथरतं, कडेनं पांढरा फेस डोकावतो. माजघरात दोघी जावा काहीतरी कुजबुजत असतात, बाहेर मामंजी बसलेले म्हणून पदर तोंडाशी धरलेला असतो, खांदे हलत असतात आणि मग एकीचा धीर सुटतो. त्या हसण्याला खदखदणं हाच शब्द लागू पडतो, कारण त्यात आधीचं दाबून धरणंही आलं. इंग्रजी पीलमध्ये हे दाबणं नाही.

यापुढे यादी लांबतच जाते आणि प्रत्येक शब्द वेगळं माप देतो. तान्हं मूल खुदकन हसतं: एक ठोका, संपला. कोपऱ्यातलं कारटं फिसकन हसतं, हवा निसटल्यासारखं. फिदीफिदी हसणाऱ्याबद्दल बोलणाऱ्याला राग असतो, तो शब्दातच कळतो. खो खो हसणाऱ्याबद्दल नसतो. हसून हसून मुरकुंडी वळते तेव्हा आवाज संपलेला असतो आणि उरलेलं शरीर हसत असतं. सातमजली हसणं आहे, ते ऐकताना इमारतीच्या जिन्यात घुमल्यासारखं वाटतं. हास्याची कारंजी आहेत, पण वापरून वापरून त्यातलं पाणी आटलंय. आणि हास्याची लकेर आहे. गवयाच्या गळ्यातून सहज निघून जाणारी छोटी सुरावट ती लकेर, आणि दुरून कानावर आलेलं कुणाचं तरी गोड हसू तीही लकेर. हसण्याला संगीताच्या शेजारी बसवणारा हा मराठी शब्द पीलच्या सर्वांत जवळ जातो, फक्त तो फार नाजूक आहे, पीलमधला दणका त्यात नाही.

खसखस पिकणं तर खास आपलं. सभेत कुणी कोटी केली की खसखस पिकते. हशाही पिकतोच. हसण्याला पीक म्हणणारी ही शेतकऱ्याची भाषा आहे. एक दाणा पडतो आणि भरगच्च कणीस येतं, तसं एका वाक्यावर सगळं सभागृह.

नाटकवाल्यांचा मात्र स्वतःचा शब्द आहे, लाफ्टर. 'दुसऱ्या अंकात तिथे मोठा लाफ्टर आहे', 'कालच्या प्रयोगाला तो लाफ्टर पडलाच नाही', असं विंगेत बोललं जातं. अनुभवी नट लाफ्टर आला की थांबतो. किती थांबायचं, हे संहितेत लिहिलेलं नसतं. हशा चढत असताना पुढचं वाक्य टाकलं तर ते बुडतं आणि पूर्ण शांत होईपर्यंत वाट पाहिली तर प्रयोग थंड पडतो. हशा शिखरावरून उतरायला लागला, की त्या उतारावर पुढचं वाक्य ठेवायचं. प्रोव्हाइन यांनी यंत्रावर मोजलेला तो उतार आपल्या नटांनी रंगमंचावर उभं राहून, रोज रात्री, कानांनी मोजलेला आहे.

मराठीनं गडगडाट आणि कडकडाट हे शब्द आभाळातून घेतले. हास्याचा गडगडाट होतो, टाळ्यांचा कडकडाट. ढगांचं आणि हसण्याचं नातं इथे इंग्रजीसारखंच जुळलं आहे. पण शब्दाची घडण बघितली तर मराठीची एक वेगळी ताकद दिसते. गड हा एक ठोका, गडगड ही त्याची पुनरावृत्ती आणि गडगडाट म्हणजे त्या सगळ्याचा मिळून झालेला एक कल्लोळ. खणखण, खणखणाट. घणघण, घणघणाट. किणकिण, किणकिणाट. एकावर एक ठोके पडतात ही गोष्ट इंग्रजीला 'पीलमागून पील' असं म्हणून सांगावी लागते. मराठी शब्द ती आपल्या अंगातच बाळगून येतो. 'खळ' एकदा म्हटलं तर कुणी हसल्यासारखं वाटत नाही.

धातूचं आणि मराठी माणसाच्या आवाजाचं नातं अगदीच नाही, असंही नव्हे. नाणं खणखणीत असतं तसा आवाजही खणखणीत असतो. घरातल्या काशाच्या वाटीवर नख मारून बघावं, तळव्याला तूप चोळायला वापरतात ती. लहानशी वाटी, पण तिचा सूर कितीतरी वेळ लांबत राहतो. तांबं आणि कथील यांचा हा मिश्रधातू, आणि इंग्लंडमधल्या घंटाही याच दोन धातूंच्या, ढोबळमानानं चार भाग तांबं आणि एक भाग कथील अशा प्रमाणात ओततात. नाशिककडे मोठ्या आवाजाच्या माणसाला नारोशंकराची घंटा म्हणतात. गोदाकाठी पंचवटीत नारोशंकराचं देऊळ आहे, त्याच्या कोटावरच्या महिरपीत ही भली मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ साल कोरलेलं आहे. ती पोर्तुगिजांची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयचिन्ह म्हणून आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या. भीमाशंकरला देवळापुढे अशीच एक आहे, तिच्यावर १७२९ साल आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर आणखी एक आहे.

या घंटांच्या अंगावर क्रूस आहे आणि कृष्णेच्या किंवा गोदावरीच्या काठावर त्या शिवमंदिरांत वाजत आल्या. धातू युरोपातला, पण वाजवण्याची रीत इथली झाली. भाविक आला, ठोका दिला, नाद विरेपर्यंत हात जोडून उभा राहिला. देवळातल्या घंटेचं सौंदर्य एका ठोक्याच्या लांबत जाणाऱ्या घुमण्यात आहे. इंग्लंडच्या मनोऱ्यात एका घंटेचा नाद विरायच्या आत दुसरी येते, तिसरी येते आणि त्या सगळ्या एकमेकींत मिसळून जातात. एकट्या घंटेच्या गंभीर घुमण्यात मराठी कानाला हसू ऐकू आलं नाही, हे अगदी स्वाभाविक म्हणायला हवं. लहान घुंगरांच्या, किणकिणणाऱ्या घंट्यांच्या बाबतीत मात्र ते आलं, कारण घुंगरू एकटं वाजत नाही. म्हणून तर मुलींचं हसू किणकिणतं असं आपण म्हणतो.

इंग्रजी तऱ्हेच्या घंटा फक्त इंग्लंडमध्येच आहेत असं नाही. पुण्यात गुरुवार पेठेत पंचहौद मिशनचं चर्च आहे. टिळक आणि रानडे यांच्यासह पुण्यातल्या प्रतिष्ठितांनी १८९० साली इथे चहा घेतला आणि त्यावरून शहरात मोठं ग्रामण्य पेटलं, ते हेच ठिकाण. चर्चला लागून उंच मनोरा आहे आणि त्यात आठ घंटा आहेत. त्या लफबरोच्या टेलर कारखान्यातल्या, जिथे पुढे १९६३ मध्ये ते अठरा तासांचं अचाट काम झालं.

आता पुन्हा त्या अडलेल्या भाषांतराकडे. समजा एखाद्या इंग्रजी कथेत खेड्यातलं लग्न आहे. वधूवर चर्चच्या दारातून बाहेर येतात, वर मनोऱ्यात दोर ओढणारे जोरात आहेत, खाली करवल्या कशावरून तरी हसताहेत आणि लेखिकेनं एकाच वाक्यात एकच 'पील' दोघांना दिलाय. 'घंटानाद होत होता आणि हास्याचा कल्लोळ उसळला' असं लिहिलं की वाक्य शुद्ध होतं आणि मरतं. खळखळाट म्हटलं तर खालचं अंगण जिवंत राहतं, पण मनोरा हातचा जातो. घणघणाट म्हटलं तर उलट होतं. किणकिणाट दोघांना चालेल, पण टनावारी वजनाच्या घंटा किणकिणत नाहीत.

घंटा आणि हसणं यांच्यात समान काय, हे एकदा लक्षात आलं की शब्द शोधायची दिशा बदलते. एकामागून एक थेंब पडणारी, जोरात येऊन मग उतरत जाणारी, ओसरली म्हणेतो पुन्हा भरून येणारी गोष्ट मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात आहे. जून ते सप्टेंबर तो तिच्याखालीच असतो. तिचं नाव सर. पावसाची सर आणि मोत्यांचा सर, लिंग बदलतं, पण एकामागून एक ओवलेपण दोन्हींत आहे. शिवाय 'सरीवर सरी' म्हटलं की इंग्रजीतला 'पीलमागून पील'ही आपोआप आला. मग लग्नाचं ते वाक्य असं लिहिता येतं: 'वर मनोऱ्यातून घंटांच्या सरीवर सरी येत होत्या आणि खाली अंगणात करवल्यांच्या हसण्याच्या.'